भिंतीवरचे चौकोन

आनंदाबाईंनी रेडिओवर क्रोशाचा रुमाल पसरला, तो नीट दिसतो का हे पाहायला दोन पावलं मागं सरकल्या आणि मागच्या वेताच्या खुर्चीत धपकन बसल्या. खुर्ची शेजारच्या जिजाबाईंची होती. रेडिओ गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कंपाउंडरचा होता. या घरात अजून वीज आलेली नव्हती, त्यामुळं रेडिओ काही बोलणार नव्हता; पण उद्याचे पाहुणे बातम्या ऐकायला थोडेच येणार होते!

"माय, आता बस कर ना," माणिक म्हणाला. तो दारात उभा होता, कारण आत उभं राहायला जागाच उरली नव्हती.

"बस काऊन करू? मांगच्या खेपेस काय झालं, इसरला काय?"

माणिक विसरला नव्हता. लग्न ठरवण्याआधी मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहून जायचं ही रीत, आणि त्या रीतीप्रमाणं मागच्या वर्षी हिंगणघाटची मंडळी आली होती. एक जण बाजेवर बसला, दुसरा ट्रंकेवर टेकला, आणि मुलीचा मामा उभाच राहिला. जाताना तो म्हणाला, "तीन माणसं बसू नाई शकत त्या घरात चौथं माणूस कुठी ठेवान बाई?" आणि स्थळ गेलं. ते वाक्य आनंदाबाईंच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं.

पुलगावच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. माणिक डेपोत कारकून. नवरा गेल्यावर आनंदाबाईंनी शिवणकाम करून त्याला शिकवलं होतं, आणि त्या काळात त्यांना लागलेली एक सवय अजून गेली नव्हती. त्यांना वस्तू टाकवत नसे. पाय मोडलेलं स्टूल, ट्रंकांची उतरंड, शिवणयंत्र, बाज, बाजेखाली डबे, आणि भिंतीभर तसबिरी, कॅलेंडरं, मण्यांचे राघू. एवढ्यावर आता चार उसन्या खुर्च्या, एक टेबल, एक घड्याळ आणि मुका रेडिओ येऊन बसला होता. बडा घर पोकळ वासा म्हणतात. हे घर बडं नव्हतं, पण पोकळ तर मुळीच नव्हतं. त्यात काडी शिरायला जागा नव्हती.

माणिकला उद्या येणाऱ्यांची मुलगी हवी होती. साधी गोष्ट होती, पण ती कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. दिवाळीनंतर तो आष्टीला मुलगी पाहायला गेला तेव्हा अण्णाजी मास्तरांच्या घरी सगळे चटईवर बसले होते. त्या घरात आपली चटई आपणच गुंडाळून ठेवायची पद्धत होती. माणिकनं गुंडाळली ती एका बाजूनं लांब आणि दुसऱ्या बाजूनं आखूड, कर्ण्यासारखी झाली, आणि शरयू हसली. तोंडावर पदर न घेता मोकळी हसली. ते हसू घेऊन तो आर्वीच्या छोट्या गाडीनं घरी आला, आणि तेव्हापासून डेपोतल्या बेरजा चुकत होत्या.

"त्यायच्या घरी खुर्ची नाई," त्यानं तेव्हाच आईला सांगितलं होतं.

"मास्तर माणूस, कुठून आणन?" आनंदाबाई म्हणाल्या होत्या. "म्हणून तर! गरिबाघरची पोर आहे. आपल्या घरी चार वस्तू दिसल्या तं बापाच्या जिवाले बरं वाटन."

ही समजूत संध्याकाळी मोडली. भैय्याजी आर्वीहून आले. भैय्याजी म्हणजे आनंदाबाईंचे मावसभाऊ. तालुक्यातली निम्मी लग्नं आपणच जुळवली असं ते सांगत, आणि उरलेली निम्मी आपलं न ऐकल्यामुळं मोडली असंही सांगत. त्यांनी दारातून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आनंदा, हे काय करून ठेवलं? लगन जमवाचं आहे का दुकान टाकाचं आहे?"

"काऊन? काय कमी आहे?"

"कमी? अवं, अण्णाजी बेचाळीसमधे जेलात गेल्ते. खादीचा माणूस. गरीब म्हणून खुर्ची नाई असं नाई, त्यायनं खुर्च्या वाटून टाकल्या! मागल्या साली वर्ध्याले एका वकिलाच्या घरी पोरगं पाह्याले गेल्ते. पोरगं सोन्यासारखं. पण वकिलानं सोफ्यावर बसवलं. अण्णाजी चहा न पेता निंगून आले. थ्या घराचं पुन्हा नाव काढलं नाई."

आनंदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खुर्च्यांकडं पाहिलं, मग रेडिओकडं, मग माणिककडं. माणिकचा चेहरा पाहून त्यांना पहिल्यांदाच कळलं की या पोराचा जीव त्या पोरीत अडकला आहे. त्या उठल्या आणि पदर खोचला.

"माणक्या, उचल."

खुर्च्या परत निघाल्या. जिजाबाई आपल्या ओट्यावरच उभ्या होत्या.

"काऊन वं आनंदा? माह्या खुर्च्यायले का खरूज झाली?"

"तसं नाई जिजा. पाव्हणे साधे आहेत."

"साधे लोक का हवेत बसतात?" जिजाबाईंनी खुर्च्या ओढून घेतल्या आणि दार लावून घेतलं. त्या दुखावल्या होत्या, आणि दुखावल्यावर त्या दाराआडून सगळं ऐकत असत.

उसनं गेलं, पण आनंदाबाई कोणतीही गोष्ट अर्धी करणाऱ्या नव्हत्या. साधेपणाच दाखवायचा, तर तो अण्णाजींच्या तोडीचा दाखवायचा. सकाळी बाज बाहेर गेली. शिवणयंत्र, डबे, ट्रंका, सगळं परसात गेलं, त्यावर वाकळ टाकली. ट्रंका हलल्या तेव्हा त्यांच्यामागं भिंतीत एक बंद खिडकी निघाली. तिथं खिडकी आहे हे माणिक विसरूनच गेला होता. त्यानं ती उघडायचा प्रयत्न केला, पण दारं फुगून घट्ट बसली होती. मग तसबिरी निघाल्या. शेवटी एकच उरली, माणिकच्या वडिलांची.

"हे राहू दे," माणिक म्हणाला.

आनंदाबाई तसबिरीसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती स्वतःच्या हातानं उतरवली, काच पदरानं पुसली आणि आतल्या खोलीत भिंतीशी उलटी टेकवून ठेवली.

"त्यायले चालते," त्या म्हणाल्या. "पोराचं लगन आहे."

आणि मग दोघांनी भिंतीकडं पाहिलं. दिवाळीत माणिकनं चुना मारला होता, पण आळस करून, तसबिरी न उतरवता त्यांच्या कडेकडेनं मारला होता. आता पांढऱ्या भिंतीवर मळकट पिवळे चौकोन उमटले होते, मोठे, लहान, एक गोल, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर खिळ्याचं भोक.

"घ्या," आनंदाबाई म्हणाल्या. "काप गेले अन् भोकं राह्यली." चुना कालवायला आता वेळ नव्हता. खोलीत एक चटई अंथरली, कोपऱ्यात पाण्याचा माठ ठेवला, आणि संपलं. खोली एवढी मोठी होती हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यात बोललं की आवाज घुमत होता.

दुपारच्या गाडीनं पाहुणे आले. अण्णाजी आणि त्यांना आणायला स्टेशनावर गेलेले भैय्याजी पुढं, आणि त्यांच्यामागं, गल्लीतल्या साऱ्या बायका ओट्यांवर येतील अशा धीट पावलांनी, खुद्द शरयू. मुलगी स्वतः घर पाहायला येते असं पुलगावनं कधी पाहिलं नव्हतं.

"जिला राहायचं आहे तिनं पाहावं, असं मला वाटलं," अण्णाजी आनंदाबाईंना म्हणाले. ते पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलत. उंच, वाळलेले, अंगात जाडीभरडी खादी. त्यांनी खोलीत सगळीकडं नजर फिरवली. ती नजर काहीतरी शोधत असल्यासारखी भिंतीच्या कडेकडेनं गेली आणि चटईवर येऊन थांबली. मग त्यांनी भिंतीचा आधार घेतला, दात आवळले आणि हळूहळू खाली बसले.

"वा," ते म्हणाले. "प्रसन्न आहे."

भैय्याजींनी आनंदाबाईंकडं पाहून डोळे मिचकावले. आनंदाबाई आतल्या दाराशी बसल्या होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आमाले नाईच आवडत सामानसुमान," त्या म्हणाल्या. "माणूस काय घेऊन जाते?"

"खरं आहे," अण्णाजी म्हणाले आणि पाय जरासा लांब केला.

पोहे झाले, पाणी झालं, डेपोतल्या नोकरीची चौकशी झाली. माणिक विचारलं तेवढंच बोलत होता. शरयू वडिलांच्या मागं बसली होती, पण तिचं लक्ष बोलण्याकडं नव्हतं. ती भिंत पाहत होती. एका चौकोनावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. माणिकला तिची नजर दिसत होती आणि त्याचे कान गरम होत होते.

"इथं काय होतं?" तिनं एकदम विचारलं. विचारलं ते थेट माणिकला.

भैय्याजी खोकले. माणिकनं आईकडं पाहिलं. आनंदाबाईंनी डोळ्यांनी नाही म्हटलं. माणिकला खोटं बोलता आलं असतं, पण हिच्याशी पहिलं वाक्य खोटं बोलावं असं त्याला वाटेना.

"तसबीर होती," तो म्हणाला. "सकाळी काढली."

"कोणाची?"

"माझ्या वडिलांची. ते नाई आता."

"मग काढली काऊन?"

"अण्णाजींना आवडणार नाई असं वाटलं."

भैय्याजी छताचे वासे मोजू लागले. अण्णाजींनी मान वर करून त्या पिवळ्या चौकोनाकडं पाहिलं.

"वडिलांची तसबीर मला आवडत नाही, असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

शरयूनं पुढच्या चौकोनाकडं बोट केलं.

"अन् हे?"

"कॅलेंडर. कापडाच्या दुकानाचं. चार वर्षं जुनं."

"चार वर्षं?"

"चित्र चांगलं होतं," माणिक म्हणाला. शरयूच्या ओठांच्या कडा हलल्या.

"अन् तो गोल?"

"आईनं केलेले मण्यांचे राघू. तिथं खाली बाज होती, इथं शिवणयंत्र. काल चार खुर्च्याही होत्या. त्या आमच्या नव्हत्या. रेडिओ होता, तोही आमचा नव्हता." आता सुरुवात झालीच होती तर त्याला थांबवेना. "हे असं आमचं घर नसते. एवढं रिकामं मी स्वतः पहिल्यांदा पाहून राह्यलो. मागच्या खेपेस पाव्हण्यायले बसाले जागा नव्हती, म्हणून आईनं खुर्च्या आणल्या. मग तुमाले चालत नाई म्हणून नेल्या."

आनंदाबाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. एवढं उभं आयुष्य ओढत आणलं आणि या खुळ्या पोरानं चार वाक्यांत सांडून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना रडूही येत होतं आणि त्याला एक चापट मारावी असंही वाटत होतं.

अण्णाजींनी चटईवर हात टेकला. ते उठायला लागले.

"अण्णाजी, बसा हो," भैय्याजी घाईनं म्हणाले. "पोरगं आहे, बोलून गेलं. चहा तं घ्या."

अण्णाजी अर्धवट उठले आणि तिथंच थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. एक हात हवेत धरायला काहीतरी शोधत होता, आणि त्या खोलीत धरायला काहीच नव्हतं. ते पुन्हा खाली बसले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसले. शरयूचे हात उचलले गेले होते, पण ती पुढं झाली नाही. चारचौघांत वडिलांना हात दिलेला चालत नाही हे तिला ठाऊक असावं. ती नुसती त्यांच्याकडं पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"गुडघे?" आनंदाबाईंनी विचारलं.

अण्णाजींनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

त्याच वेळी भिंतीवर बाहेरून दोन धक्के बसले, फुगलेली खिडकी करकरत उघडली आणि गजांमधून जिजाबाईंचा चेहरा आत आला. त्यांच्यामागून उतरतीचं ऊन आत आलं आणि जमिनीवर लांबच लांब पडलं.

"आनंदा, मी आणतो," जिजाबाई म्हणाल्या. काय आणते ते त्यांनी सांगितलं नाही. मिनिटभरात त्या वेताची खुर्ची घेऊन दारात हजर झाल्या, चटईपाशी ठेवली, एका बाजूनं स्वतः उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या बाजूनं माणिकला उभं केलं. "लाजू नका मास्तर. माह्या घरच्यायले रोज असंच उठवा लागते."

अण्णाजी खुर्चीत बसले. पाठ टेकली. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते पुस्तकातलं नव्हतं.

"हाऽश. लय बरं वाटलं बापा."

कोणाला हसावं की नाही ते कळेना. अण्णाजी स्वतःच हसले.

"सत्तेचाळीस साली एका सभेत मी बोलून गेलो की मी काही खुर्चीसाठी तुरुंगात गेलो नव्हतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी होत्या त्या दोन्ही खुर्च्या वाटून टाकल्या. तेव्हा गुडघे चांगले होते." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आता गावाला काय सांगू? शाळेत उभा राहून शिकवतो. घरी चटईवर बसायचं म्हटलं की आधी धरायला भिंत शोधतो."

"पण वर्ध्याच्या वकिलाचा सोफा?" भैय्याजींना राहवेना. "तुम्ही तं उठून निंगून आले!"

"उठून?" अण्णाजी म्हणाले. "अहो, मी त्या सोफ्यात रुतलो. कसाबसा उठायला पाव तास लागला, शेवटी दोघांनी ओढून काढलं. पुन्हा बसायची हिंमत झाली नाही, म्हणून चहा न घेता आलो. मुलगा चांगला होता हो."

आता मात्र जिजाबाई खो खो हसल्या, मग भैय्याजी, आणि दाराआड आनंदाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता त्यांचं लक्ष शरयूकडं गेलं. ती हसत नव्हती. वडिलांना पाठ टेकून बसलेलं ती पाहत होती, आणि असं त्यांना पाहून तिला किती वर्षं झाली असतील हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आनंदाबाई," अण्णाजी म्हणाले, "यजमानांची तसबीर जागेवर लावा. मघाशी त्यासाठीच उठत होतो. ती लागल्याशिवाय मी चहा घेणार नाही."

माणिकनं आतून तसबीर आणली. जुन्या भोकात खिळा ठोकून त्यानं ती टांगली.

चहा झाला. जिजाबाई अण्णाजींना निरगुडीच्या पाल्यानं गुडघे कसे शेकायचे ते सांगायला बसल्या. आनंदाबाई कप गोळा करू लागल्या, पण मनातलं ओझं उतरलं नव्हतं. मास्तर खुशीत होते, हे खरं. पण राहायचं तर पोरीला होतं, आणि पोर काहीच बोलली नव्हती. ती उठून खिडकीपाशी गेली होती आणि जमिनीवरच्या उन्हाच्या कडेला उभी होती. आनंदाबाई तिच्याजवळ गेल्या.

"पोरी, मनात नको ठेवजो," त्या हळू म्हणाल्या. "मी खोटं बोलली. मले वस्तू टाकवतच नाई. उद्या सगळं आत येईन. बाज, ट्रंका, सगळं. घर असं ओसाड नाई राहत आमचं."

"इथं काय असते?" शरयूनं पायाजवळच्या जागेकडं पाहत विचारलं.

"ट्रंका. खिडकीच्या वरपर्यंत."

शरयू अनवाणी पायांनी उन्हात आली. फरशी तापली होती का ते तळव्यानं पाहिल्यासारखं केलं.

"बाकीचं आणा काकू," ती म्हणाली. "बाज आणा. राघू लावा. एक खुर्ची घ्या, आमचे अण्णा येतील तेव्हा लागन. पण इथं काई ठेवू नका."

"मग काय ठेवाचं इथं?"

"काईच नाई. ऊन येते ना."

आनंदाबाईंना ट्रंका आठवल्या. त्या कुठं ठेवायच्या, एकावर एक किती चढतील, आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेल का, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण पाहुण्या मुलीचं मन कशाला मोडायचं.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाई ठेवत. कितीक दिवस?"

"मी येतपर्यंत," शरयू म्हणाली. "मग पाहू आपण."

पलीकडं निरगुडीचं बोलणं चालूच होतं. माणिक तसबिरीखाली उभा होता आणि त्यानं ते ऐकलं होतं, कारण तो एकदम भिंतीकडं तोंड करून सरळ असलेली तसबीर पुन्हा सरळ करू लागला. आनंदाबाई खाली वाकल्या आणि ऊन पडलं होतं तेवढी फरशी त्यांनी पदरानं पुसून काढली.